राहुटी, वीज आणि शेजारधर्म

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलांकडे उन्हाळ्यात दोन-चार महिने राहून येणाऱ्या आईवडिलांची संख्या आपल्या ग्राहकवर्गात आता काही थोडी नाही. पूर्वी त्यांच्या प्रवासवर्णनात नायगाराचा धबधबा, स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा आणि लास व्हेगासचा झगमगाट हमखास असे. अलीकडे त्यात ‘कॅम्पिंग’ची भर पडली आहे. शुक्रवारी संध्याकाळी गाडीत राहुटी, अंथरुणे, शिधा आणि नातवंडे भरायची, शंभर-दीडशे मैलांवरच्या एखाद्या सरकारी उद्यानात आगाऊ राखून ठेवलेल्या जागेवर राहुटी उभारायची, शेकोटीभोवती बसून कणसे भाजायची आणि रविवारी दुपारी परतायचे, हा कार्यक्रम तिकडच्या पुष्कळ मराठी कुटुंबांच्याही अंगवळणी पडला आहे.

ही जागा राखून ठेवताना एक प्रश्न हटकून समोर येतो: विजेची जोडणी असलेली जागा हवी, की बिनविजेची? वरवर पाहता हा काही डॉलर अधिक-उण्याचा मामला वाटतो. परंतु तिकडच्या कॅम्पग्राउंडवर हा चांगलाच वादाचा विषय आहे. चाकांवरचे घर घेऊन येणाऱ्यांना वाटते, की विजेच्या जागा आपल्यासाठी आहेत आणि तेथे राहुटी ठोकणारा म्हणजे आयत्या बिळावरचा नागोबा. उलट राहुटीवाला विचारतो, की मीही तेवढेच भाडे मोजले आहे, मग माझ्या पैशाला कमी किंमत का? प्रश्न लहान आहे, पण मर्यादित सोयीची वाटणी कोणत्या न्यायाने व्हावी, हे मोठे तत्त्व त्यात दडलेले आहे. बँकेच्या खिडकीच्या दोन्ही बाजूंना वावरणाऱ्या आपणा सर्वांना ते तत्त्व परके नाही. म्हणूनच हा विषय येथे मांडावासा वाटतो.

वीज आली कोणासाठी?

प्रथम थोडा इतिहास पाहू. मोटारगाडी सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली, तेव्हा १९२०च्या दशकात अमेरिकन कुटुंबे मोठ्या संख्येने रानावनांत मुक्कामाला जाऊ लागली. गाड्या वाटेल तेथे शिरत. त्यामुळे झाडांच्या मुळांवरची माती दाबली जाऊन झाडे मरू लागली. ई. पी. माइनेके नावाच्या वनस्पतिरोगतज्ज्ञांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी त्यावर उपाय सुचवला. त्यांच्या योजनेत एकेरी वर्तुळाकार रस्ता, त्याला फुटलेला गाडी उभी करण्याचा लहानसा फाटा, त्यालगत राहुटीची जागा, टेबल आणि शेकोटी असा प्रत्येक कुटुंबाचा ठराविक ठाव होता. मंदीच्या काळात बेकार तरुणांना काम देण्यासाठी १९३३ ते १९४२ या वर्षांत चालवलेल्या ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ या सरकारी योजनेतून देशभर अशी अनेक स्थळे उभी राहिली. आजचे अमेरिकन कॅम्पग्राउंड बहुतांशी त्याच आराखड्यावर चालते.

ह्या मूळ आराखड्यात वीज नव्हती. ती आली चाकांवरच्या घरांबरोबर. गाडीमागे जोडायचा ट्रेलर असो की बसएवढे मोटारघर असो, त्यांना तिकडे एकत्रितपणे ‘आरव्ही’ म्हणतात. रस्त्यांचे जाळे वाढले, तसे हे प्रवासी वाढले आणि त्यांच्यासाठी खाजगी व्यावसायिकही पुढे आले. ‘के.ओ.ए.’ या नावाने ओळखली जाणारी कॅम्पग्राउंडची प्रसिद्ध साखळी १९६२ साली मोंटाना राज्यातील बिलिंग्ज येथे सुरू झाली, ती सिएटलच्या जागतिक प्रदर्शनाकडे जाणाऱ्या प्रवाशांची सोय म्हणून. पुढे राज्यांच्या उद्यानांनी आणि लष्कराच्या अभियंता दलाने आपल्या धरणांकाठच्या तळांवरही वीज आणली.

आज विजेच्या जागेवर कमरेएवढ्या उंचीचा एक खांब किंवा पेटी असते. तीत बहुधा २०, ३० आणि ५० अँपिअरची वेगवेगळी सॉकेटे असतात. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची असल्याने २० अँपिअरच्या सॉकेटातून फार तर २,४०० वॅट, ३० च्या सॉकेटातून ३,६०० वॅट मिळतात. ५० अँपिअरचे सॉकेट मोठ्या मोटारघरांसाठी असते. त्यात दोन तारांची जोडणी असल्याने एकूण १२,००० वॅटपर्यंत वीज घेता येते. काही जागी विजेसोबत पाण्याचा नळ असतो, तर काही ठिकाणी सांडपाण्याचीही जोडणी असते. सोय वाढेल तसे भाडे चढते.

सर्वच ठिकाणी हा प्रश्न उद्भवतो असे मात्र नाही. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या कॅम्पग्राउंडवर विजेची जोडणीच नाही. तेथे सगळे सारखे. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर मॅथर कॅम्पग्राउंडला जोडणी नाही आणि शेजारच्या ‘ट्रेलर व्हिलेज’ला ती आहे, म्हणजे वाटणी आधीच झालेली. यलोस्टोनमध्ये जोडणी असलेले एकमेव ठिकाण म्हणजे फिशिंग ब्रिज. तेथे अस्वलांच्या वावरामुळे कापडी निवाऱ्याला मुळी परवानगीच नाही. वादाचे खरे क्षेत्र आहे ते राज्यांची उद्याने, धरणांकाठचे तळ आणि खाजगी कॅम्पग्राउंड, कारण विजेच्या जागांवर राहुटी लावण्यास तेथे पुष्कळदा मुभा असते. आणि आपली मुले-नातवंडे शनिवार-रविवारला जातात, ती बहुधा अशाच ठिकाणी.

आक्षेपात तथ्य किती?

आरव्हीवाल्यांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. राहुटी कोठेही लागते. रस्त्यापासून पाव मैल चालत जाऊन, झाडीत, उतारावर, ओढ्याकाठी ती उभारता येते. तीस फुटांचा ट्रेलर मात्र तेथे जाऊ शकत नाही. त्याला लांब, सपाट, खडी घातलेली जागा लागते. म्हणजे राहुटीवाल्याने विजेची जागा घेतली, तर आरव्हीवाला त्याच्या बदल्यात राहुटीची जागा घेऊ शकत नाही. ही अदलाबदल एकतर्फी आहे. माझ्या मते या वादातला सर्वांत वजनदार मुद्दा हाच होय. ज्याला दहा जागा चालतात, त्याने एकच जागा चालणाऱ्याचा विचार आधी करावा, यात अन्याय काही नाही.

दुसरा मुद्दा राहुटीवाल्याच्याच हिताचा आहे. आरव्हीला विजेची जागा मिळाली नाही, की मालक जनरेटर सुरू करतो. राष्ट्रीय उद्यानांत जनरेटरच्या आवाजाला ५० फुटांवर ६० डेसिबलची मर्यादा आहे आणि तो चालवण्याच्या वेळाही ठरवून दिलेल्या असतात. पण ६० डेसिबल म्हणजे शेजारी दोन माणसांनी चालवलेले अखंड संभाषण. ते पक्ष्यांचा किलबिलाट ऐकायला आलेल्याला नकोसेच होणार. राहुटीच्या कापडी भिंतीतून सर्व काही ऐकू येते. सबब आपण सोडलेली विजेची जागा म्हणजे आपल्याच शांततेची बेगमी आहे.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहावी लागते. आरव्हीला विजेवाचून तरणोपाय नाही, हे अर्धसत्य आहे. त्या घराला स्वतःची बॅटरी असते, दिवे तिच्यावर चालतात. स्वयंपाक गॅसवर होतो. पुष्कळ गाड्यांतला फ्रीजही गॅसवर चालू शकतो. पिण्यावापरण्याच्या पाण्याची टाकी असते. अलीकडे छतावर सौर पट्ट्याही आल्या आहेत. या घराला बाहेरून वीज अनिवार्य होते ती मुख्यत्वे वातानुकूलन यंत्रासाठी. टेक्सासच्या किंवा ॲरिझोनाच्या उन्हात बंद गाडीत वृद्ध माणसे किंवा पाळीव प्राणी असतील, तर ही गरज खरीच. पण ऑक्टोबरच्या गारव्यात केवळ दूरचित्रवाणी आणि मायक्रोवेव्हसाठी वीज हवी असणाऱ्या आरव्हीवाल्याने गरजेची भाषा बोलू नये.

राहुटीतल्या माणसाचीही गरज

‘राहुटीत राहायचे, तर मग वीज कशाला?’ हा प्रश्न तरुण आणि निरोगी माणसाच्या तोंडी शोभतो. ज्याचे जळते त्यालाच कळते. निद्रेत श्वास अडखळण्याचा विकार, म्हणजे स्लीप ॲप्निया, असणाऱ्यांना रात्रभर ‘सीपॅप’ नावाचे यंत्र लावून झोपावे लागते. कोणाला नेब्युलायझर लागतो. कोणाच्या इन्सुलिनचा साठा थंड ठेवावा लागतो. अशा माणसाला विजेची जागा नाकारणे म्हणजे त्याला उघड्या आकाशाखालची रात्रच नाकारणे होय. मोटारघराची किंमत परवडत नाही म्हणून तो राहुटी घेऊन आलेला असतो. आधीच पैशाने कमी आणि प्रकृतीने अधू असलेल्याला ‘तुझी जागा तिकडे’ असे सांगण्यात कोणता न्याय आहे?

यावर कोणी म्हणेल, आता वाहून नेण्याजोग्या मोठ्या लिथियम बॅटऱ्या मिळतात. त्या घ्याव्यात. तोडगा चांगला आहे. सीपॅप यंत्र हवा गरम व दमट करण्याची सोय बंद ठेवून चालवले, तर साधारण ३० ते ४० वॅट घेते. आठ तासांच्या झोपेला ३२० वॅट-तासांपर्यंत वीज पुरते. पाचशे वॅट-तासांची बॅटरी एक रात्र निभावून नेते. पण भारतातून गेलेल्या पाहुण्याला ती बरोबर नेता येत नाही, कारण प्रवासी विमानात १६० वॅट-तासांहून मोठी सुटी लिथियम बॅटरी चालत नाही. मुलाने ती तिकडे विकत घ्यायची, तर वर्षातल्या दोन रात्रींसाठी तो खर्च प्रत्येकाला पटेलच असे नाही. दोन रात्रींसाठी विजेच्या जागेचे चार डॉलर जास्त मोजणे हा त्याहून शहाणपणाचा व्यवहार ठरतो. जाता जाता सांगायचे, तर सीपॅप यंत्रे सहसा १०० ते २४० व्होल्टवर चालणारी असतात. म्हणून आपल्याकडचे यंत्र तिकडे केवळ पिनेचा जोड बदलून वापरता येते. आपले २३० व्होल्टचे इतर उपकरण मात्र तिकडच्या १२० व्होल्टवर नीट चालत नाही. यंत्रावर छापलेली मर्यादा निघण्यापूर्वीच वाचून घ्यावी.

थंडीचा मुद्दाही दुर्लक्षिण्याजोगा नाही. डोंगराळ भागात जून महिन्यातही रात्री पारा चांगलाच उतरतो. ऊब हवी म्हणून राहुटीत कोळशाची शेगडी किंवा गॅसचा हीटर पेटवणे जीवघेणे आहे. जळणातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वासही नसतो. झोपलेल्या माणसाला तो कळतच नाही. अशा मृत्यूंच्या बातम्या तिकडे येत राहतात. त्यापेक्षा शे-दोनशे वॅटचे विजेवर तापणारे पांघरूण हजार पटींनी सुरक्षित आहे. घरात लहान मूल किंवा सत्तरीतली आजी असेल, तर ही चैन म्हणता येणार नाही.

आणखी एक गोष्ट व्यवस्थेच्या रचनेतली आहे. मिशिगन राज्याच्या उद्यानांत कॅम्पग्राउंडचे ‘मॉडर्न’ आणि ‘रस्टिक’ असे दोन मुख्य प्रकार आहेत. मॉडर्नमध्ये वीज असते आणि त्याच्या जोडीला पाण्याने धुतली जाणारी शौचालये व स्नानगृहेही असतात. रस्टिकमध्ये वीज नाही आणि शौचालयही साध्या खड्ड्याचे. आता ज्या आजींना गुडघेदुखीमुळे चांगले शौचालय जवळ हवे, त्यांच्या मुलाने मॉडर्न जागा घेतली तर ती विजेसाठी घेतली असे म्हणता येईल काय? वीज त्या गाठोड्यात बांधून आली, एवढेच. त्याबद्दल राहुटीवाल्याला दूषण देणे चुकीचे आहे.

पैसे भरले म्हणजे झाले का?

राहुटीवाल्यांचा नेहमीचा युक्तिवाद असा, की नियमात बसते आणि पैसे भरले आहेत, मग बोलायचे कोणी? कायद्याच्या दृष्टीने हा युक्तिवाद बिनतोड आहे. व्यवस्थापनाने राहुटीला मुभा दिली असेल, तर कोणाही आरव्हीवाल्याला शेजाऱ्याच्या दाराशी जाऊन ‘तुम्ही येथे कसे?’ असे विचारण्याचा अधिकार पोहोचत नाही. तसे विचारणे हा उर्मटपणा आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

परंतु हक्क आणि औचित्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याच बँकेतले उदाहरण घेऊ. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्व बँकांना ज्येष्ठांसाठी आणि अपंगांसाठी स्वतंत्र वा अग्रक्रमाची खिडकी ठेवण्यास सांगितले. ती खिडकी रिकामी असेल आणि दुसरीकडे रांग असेल, तर तरुण ग्राहकाचे काम तेथे करून देण्यात कोणाचे काही बिघडत नाही. मात्र मागे काठी टेकत एखादे आजोबा उभे असताना धडधाकट माणसाने तेथे अडून बसणे कोणालाच रुचत नाही. त्यासाठी नियम लागत नाही, नजर लागते. लॉकरचेही तसेच. चार दागिन्यांना लहान कप्पा पुरत असता मोठा कप्पा अडवला, तर भाडे आपले जाते आणि सोय दुसऱ्याची जाते.

कॅम्पग्राउंडवर हाच न्याय लावावा. जोडायला काही नसताना, केवळ जागा ऐसपैस आहे किंवा फोन चार्ज होईल म्हणून विजेची जागा घेणे बरे नाही. फोन गाडीतही चार्ज होतो. सांडपाण्याची जोडणी असलेली जागा तर राहुटीला सर्वथा अनावश्यक. एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडता येणाऱ्या साठ-साठ फूट लांब जागा मोठ्या ट्रेलरसाठीच आखलेल्या असतात. तेथे दोन माणसांची राहुटी टाकणे म्हणजे बैलगाडीच्या वाटेवर चूल मांडणे. गरज असेल, तर गरजेला पुरेल अशी सर्वांत साधी विजेची जागा घ्यावी. आणि गरज नसेल, तर झाडीतली जागा घ्यावी, कारण राहुटीचे खरे सुख तेथेच आहे. विजेच्या जागेवर खडी असते, राहुटीच्या खुंट्या आत जात नाहीत. शेजारच्या गाडीचे वातानुकूलन यंत्र रात्रभर घरघरते. अंगणातले दिवे तारे झाकून टाकतात. जास्त भाडे भरून कमी रान विकत घेण्याचा हा सौदा आहे.

काळवेळाचाही विचार हवा. मे महिन्याअखेरचा मेमोरियल डे, चार जुलै आणि सप्टेंबरातला लेबर डे या सुट्ट्यांना विजेच्या जागा लवकर संपतात. करोनाच्या साथीनंतर आरव्हींची विक्री वाढली. २०२१ या एका वर्षात कारखान्यांतून सहा लाखांहून अधिक नव्या गाड्या बाहेर पडल्या. साहजिकच या जागांवरचा ताण वाढला. अशा दिवशी विनाकारण विजेची जागा अडवणे आणि ऑक्टोबरातल्या मंगळवारी ती घेणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. मधल्या वारी निम्मे तळ रिकामे असताना, किंवा ऐन वेळी पोहोचल्यावर तीच एक जागा शिल्लक असताना, राहुटीवाल्याने ती निःशंक मनाने घ्यावी. रिकाम्या खांबातली वीज कोणाच्याच उपयोगाची नाही.

नवा दावेदार

या वादात आता तिसरा पक्ष शिरला आहे, तो विजेवर चालणाऱ्या मोटारीचा. राहुटी घेऊन येणारे कुटुंब अशा मोटारीतून आले, की ५० अँपिअरच्या सॉकेटला रात्रभर गाडी जोडून सकाळी भरलेल्या बॅटरीनिशी निघू शकते. अशी गाडी कित्येक तास सलग सात-आठ हजार वॅट ओढते. जुन्या कॅम्पग्राउंडची वीजवाहिनी सर्व जागांवर एकाच वेळी एवढा भार येईल असे गृहीत धरून टाकलेली नसते. म्हणून काही ठिकाणी त्यास मनाई आहे, तर काही ठिकाणी वेगळे शुल्क घेतले जाते. येथेही विचारून, परवानगी घेऊन आणि योग्य शुल्क भरून वापर करणे हाच सरळ मार्ग. राहुटीच्या नावाने जागा घ्यायची आणि अंधारात गाडी जोडायची, हे सभ्यतेत बसत नाही.

वीज घ्यायची, तर जपून

गरजेपोटी विजेची जागा घेतलीच, तर काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. ओली जमीन, कापडी भिंती आणि वीज हे त्रिकूट धोक्याचे आहे.

पेटीतले २० अँपिअरचे सॉकेटच वापरावे. त्याला गळती ओळखून वीज तत्क्षणी तोडणारे ‘जीएफसीआय’ संरक्षण असते. ३० अँपिअरच्या सॉकेटला मधला जोड लावून घरगुती बारीक वायर कधीही जोडू नये. कारण तेथला ब्रेकर ३० अँपिअरपर्यंत वीज तोडत नाही, आणि तोवर बारीक वायर तापून वितळू शकते. वायर बाहेरच्या वापरासाठी बनवलेली, तीन पिनांची आणि पुरेशा जाडीची, म्हणजे १४ वा शक्यतो १२ गेजची असावी. गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड, हे लक्षात ठेवावे. दोन वायरींचा जोड जमिनीवर पाण्यात पडू देऊ नये. पायवाटेतून वायर नेऊ नये.

पंधराशे वॅटचा हीटर १२० व्होल्टवर साडेबारा अँपिअर घेतो. तो कापडाला टेकला तर आग लागायला वेळ लागत नाही, म्हणून झोपताना तो राहुटीत मुळीच नको. ढग गडगडू लागले, तर वायर काढून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जावे. राहुटी विजांपासून संरक्षण देत नाही.

व्यवस्थेने काय करावे?

सर्व भार शेजारधर्मावर टाकून व्यवस्थापनाला मोकळे सोडणे योग्य नव्हे. विजेच्या जागांवर राहुटीला सरसकट बंदी घालावी, अशी मागणी अधूनमधून होते. ती मला मान्य नाही. तिचा फटका सीपॅपवाल्या गरीब माणसाला बसेल आणि मधल्या वारी खांब रिकामे उभे राहतील.

त्यापेक्षा मुळावर इलाज करावा. राहुटीच्या जागांनाही २० अँपिअरची छोटी जोडणी द्यावी. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत आरव्हीच्या तळांविषयी जे कलम ५५१ आहे, त्यातच केवळ राहुटीसाठी राखलेल्या १५ वा २० अँपिअरच्या जागांचा उल्लेख आहे. म्हणजे कल्पना नवी नाही, अंमलबजावणी हवी आहे. प्रत्येक तळावर अशा दहा-पाच जागा झाल्या, तरी पुष्कळसा संघर्ष मिटेल. मोठ्या सॉकेटाचा खर्चही वाचेल, कारण राहुटीला ३,६०० किंवा १२,००० वॅट लागतच नाहीत.

दुसरे असे, की आरक्षणाच्या आरंभी लांब जागा लांब वाहनांसाठी राखाव्यात आणि मुक्कामाच्या तारखेपूर्वी काही दिवस उरलेल्या जागा सर्वांना खुल्या कराव्यात. वैद्यकीय गरज सांगणाऱ्याला मात्र पहिल्या दिवसापासून मुभा असावी. आणि स्वच्छ शौचालय व स्नानगृह यांची गाठ विजेशी बांधू नये. अंघोळीला गरम पाणी हवे म्हणून माणसाला ३० अँपिअरचे सॉकेट भाड्याने घ्यावे लागणे, ही रचनेतली विसंगती आहे.

तोपर्यंत निर्णय आपल्या हाती आहे. जागा निवडताना मुलांनी घरातल्या ज्येष्ठांना संकोच न ठेवता विचारावे, की रात्री कोणते यंत्र लागते, थंडी कितपत सोसते, शौचालय किती जवळ हवे. ज्येष्ठांनीही ‘आमच्यामुळे उगाच खर्च नको’ म्हणून गरज लपवू नये. त्या उत्तरांतून वीज हवी असे दिसले, तर जागा हक्काने घ्यावी. कोणी भुवया उंचावल्या तरी मनास लावून घेऊ नये. नको असे दिसले, तर ती जागा ज्याला हवी त्याच्यासाठी मागे ठेवावी. निवारा कापडाचा की पत्र्याचा, हा निकषच मुळात चुकीचा आहे. गरज कोणाची खरी आणि कोणाला दुसरा पर्याय नाही, एवढेच पाहावे. जिथे चार कुटुंबे दोन रात्रींपुरती शेजारी होतात, तिथे इतका विचार शेजाऱ्यांनी एकमेकांचा केला, तर नियमांची पाटी फारशी वाचावी लागणार नाही.